भाजीच्या पिशवीतला कॅमेरा

बंगळुरूच्या मल्लेश्वरम भागातील काडु मल्लेश्वराचे देवालय शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे यांनी सतराव्या शतकात उभारले, असे सांगितले जाते. या शहराशी मराठी माणसाचा संबंध त्याहूनही थोडा जुना, म्हणजे शहाजीराजांच्या जहागिरीपासूनचा. त्या देवालयावरून रोज सकाळी कापडी पिशवी घेऊन भाजी आणायला जाणारे एक निवृत्त अभियंते आहेत. मूळचे बेळगावचे, सार्वजनिक क्षेत्रातील एका कारखान्यात पस्तीस वर्षे नोकरी करून येथेच स्थिरावलेले. हिशेबाचे पक्के. गेल्या वर्षी त्यांच्या मनात एक अगदी बेहिशेबी वाटणारी इच्छा उद्भवली. रोजच्या वापरासाठी एक उत्तम, लहानसा कॅमेरा घ्यावा. आणि उत्तम म्हणजे दुकानदार ज्याला ‘प्रीमियम कॉम्पॅक्ट’ म्हणतात तसा, लाख-दीड लाखाचा. त्यांच्या पत्नीने एकाच वाक्यात निकाल दिला, “अहो, हातात फोन आहे की!”

या वाक्यात तथ्य नाही असे कोण म्हणेल? तथापि ही इच्छा जेथून आली ते ठिकाणही पाहिले पाहिजे. या गृहस्थांच्या घरी त्यांच्या वडिलांचा ‘आग्फा क्लिक थ्री’ कॅमेरा अद्याप जपून ठेवलेला आहे. बडोद्यात तयार होणारा हा साधा डबा एकेकाळी मध्यमवर्गीय घराघरांत होता. १२० फिल्मच्या एका रोलवर त्यात अवघी बारा छायाचित्रे निघत. रोल संपेपर्यंत दोन सण आणि एक बारसे उरकत असे. त्या अल्बममध्ये गृहस्थांच्या आईची तीनच छायाचित्रे आहेत. तिन्हींत ती नवी साडी नेसून, हात जुळवून, भिंतीला टेकून उभी आहे. चुलीपुढे भाकरी थापणारी, कोणावर तरी रागावलेली, दुपारी ओसरीवर डुलकी घेणारी आई मात्र कोठेच नाही. बारा चौकटींत असल्या गोष्टींना जागा नव्हती. आज जागेची टंचाई नाही. त्यांच्या फोनमध्ये तीस हजारांवर छायाचित्रे आहेत आणि कागदावर उतरलेले त्यांतले एकही नाही. त्यात मुलाची परदेशी बदली ठरली. जूनमध्ये सून आणि सहा वर्षांची नात त्याच्यामागून जाणार होत्या. हाताशी उरले होते सात महिने.

प्रश्न म्हणूनच केवळ हौसेचा नव्हता. पण हौस आणि निकड एकत्र आली की माणूस दुकानात लवकर फसतो, हेही खरे.

प्रथम फोनची बाजू न्यायाने मांडली पाहिजे. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० साली जगभर सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे रवाना झाले. २०२३ साली हा आकडा ८० लाखांच्याही आत आला. हा लहान कॅमेऱ्यांचा धंदा फोनने गिळला, आणि तो अन्यायाने गिळला असेही म्हणता येत नाही. चांगला फोन एका क्षणात अनेक चौकटी टिपून त्या एकमेकींत विणतो. अंधाऱ्या खोलीत खिडकीबाहेरचे ऊन आणि आतला चेहरा दोन्ही सांभाळतो. बंगळुरूच्या रस्त्यांवर जुन्या वृक्षांच्या दाट सावलीत मध्येच उन्हाचे कवडसे पडतात; अशा ठिकाणी कॅमेऱ्याच्या नवशिक्या मालकापेक्षा फोन अधिक वेळा जिंकतो. ज्याला छायाचित्र काढून लगेच नातेवाइकांना धाडायचे आहे, त्याने दीड लाख रुपये मुदत ठेवीतच ठेवावेत. वार्षिक सात टक्के धरले तरी वर्षाला साडेदहा हजार रुपये होतात, आणि तेवढ्या पैशांत पुष्कळ छायाचित्रांच्या प्रिंट निघतात.

मग कॅमेरा हवा कशासाठी? येथे थोडी आकडेमोड अपरिहार्य आहे. प्रकाश ज्या चकतीवर पडतो त्या सेन्सरचा आकार हा सगळ्या प्रकरणाचा पाया होय. जुन्या स्वस्त खिशातल्या कॅमेऱ्यांत हा सेन्सर सुमारे २८ चौरस मिलिमीटरचा असे. ज्याला ‘एक इंची’ म्हणतात तो १३.२ गुणिले ८.८ म्हणजे ११६ चौरस मिलिमीटरचा असतो. त्याच्या कोणत्याही बाजूला प्रत्यक्षात एक इंच लांबी नसते, हे नाव जुन्या व्हिडिओ नळ्यांच्या मोजणीतून आलेले आहे. एपीएस-सी या आकाराचा सेन्सर सुमारे ३६६ चौरस मिलिमीटरचा, आणि पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा पूर्ण आकाराचा सेन्सर ८६४ चौरस मिलिमीटरचा. सोनीने २०१२ साली ‘आरएक्स१००’ काढला तेव्हा शर्टाच्या खिशात एक इंची सेन्सर मावतो याचेच नवल होते. फोनच्या चिमुकल्या सेन्सरपुढे तो राजा होता. आज परिस्थिती पालटली आहे. महागड्या फोनांच्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर सत्तर चौरस मिलिमीटरच्या आसपास पोहोचला असून, २०२१ नंतर एक इंची सेन्सरचे काही फोनही बाजारात आले.

याचा अर्थ असा, की ज्याच्याजवळ चांगला फोन आहे त्याने केवळ ‘चित्र अधिक चांगले येईल’ या आशेने एक इंची सेन्सरचा महाग कॅमेरा घेऊ नये. दुकानदार हे सांगणार नाही. अशा कॅमेऱ्याचे आजचे खरे भांडवल त्याचे झूम भिंग हे आहे. सोनीच्या २०१९ सालच्या सातव्या आवृत्तीत २४ ते २०० मिलिमीटरच्या तोडीचे झूम अवघ्या ३०२ ग्रॅममध्ये बसवले होते. त्याच वर्षीच्या कॅननच्या ‘जी७ एक्स मार्क ३’मध्ये ते २४ ते १०० आहे, पण भिंग अधिक उजेड घेणारे. नातीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात मागच्या रांगेत बसावे लागते, किंवा सँकी तलावावरचे पक्षी टिपायचे असतात, तेथे हे कॅमेरे उपयोगी पडतात. ती गरज नसेल तर मधल्या पायरीवर थांबू नये. एक तर फोनवर समाधान मानावे, नाही तर सरळ एपीएस-सीकडे जावे.

एपीएस-सीच्या लहान कॅमेऱ्यांत दोन घराणी ठळक आहेत. रिकोहचे ‘जीआर’ हे नाव १९९६ साली फिल्मच्या काळात रुजले. २०१९ सालचा ‘जीआर ३’ अवघा २५७ ग्रॅमचा, खरोखरच खिशात मावणारा, २८ मिलिमीटरच्या तोडीच्या स्थिर भिंगाचा. ज्यांना एवढा रुंद आवाका नको त्यांच्यासाठी २०२१ साली ४० मिलिमीटरची आवृत्ती आली आणि २०२५ साली चौथी पिढीही. दुसरे घराणे फुजीफिल्मच्या ‘एक्स१००’चे. पहिला कॅमेरा २०११ साली बाजारात आला. फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालेली सहावी पिढी ४० मेगापिक्सेलची असून तिच्यात ३५ मिलिमीटरच्या तोडीचे, एफ/२ छिद्राचे भिंग आहे. भारतात तिची किंमत दीड लाखाच्या पुढे, आणि सुरुवातीला मागणी एवढी, की जगभर ग्राहकांना महिनोन्महिने वाट पाहावी लागली. पूर्ण आकाराच्या सेन्सरचे लायकासारखे कॅमेरेही आहेत. त्यांच्या किमतीत एक बरी मोटारसायकल घेऊनही पैसे उरतात, म्हणून ते येथे बाजूला ठेवलेले बरे.

झूम नसलेल्या कॅमेऱ्याला एवढे पैसे का द्यावेत, हा प्रश्न शहाण्या ग्राहकाला पडतोच. उत्तर उजेडात आहे. सोनीच्या त्या कॅमेऱ्याचे झूम पूर्ण ताणले की भिंगाचे छिद्र एफ/४.५ होते. एफ/२च्या भिंगातून सेन्सरच्या तेवढ्याच क्षेत्रावर त्याच्या पाचपट प्रकाश पडतो, आणि एपीएस-सी सेन्सरचे क्षेत्र एक इंचीच्या तिपटीहून अधिक असते. दोन्हींचा गुणाकार सुमारे सोळा येतो. समईच्या उजेडात आरती करणारी आजी किंवा संध्याकाळी दिवा लागण्यापूर्वी स्वयंपाकघरात लुडबुडणारे मूल टिपताना या सोळापटीचा अर्थ कळतो. मूल स्थिर राहत नाही. अनेक चौकटी विणणारा फोन अशा वेळी पुष्कळदा हाताची बोटे पुसट करतो आणि गाल मेणासारखे गुळगुळीत.

मेगापिक्सेलच्या आकड्याला मात्र फार भुलू नये. चार बाय सहा इंचांची प्रिंट ३०० ठिपक्यांच्या बारकाईने काढण्यास सव्वादोन मेगापिक्सेलही लागत नाहीत. बारा बाय अठरा इंचांच्या मोठ्या प्रिंटला वीस पुरतात. चाळीस मेगापिक्सेलचा उपयोग चित्र कापून जवळ आणण्यासाठी होतो हे खरे, परंतु त्यापायी संगणकातील साठवणही वाढवावी लागते.

भिंग एकाच अंतराचे असले की माणसाला स्वतः पुढे-मागे व्हावे लागते, आणि समोरच्याशी बोलावेही लागते. या शहराला त्याची मोठी परंपरा आहे. मैसूरचे टी. एस. सत्यन १९४८ साली निघालेल्या ‘डेक्कन हेराल्ड’चे छायाचित्रकार झाले. पुढे त्यांनी आयुष्यभर साध्या माणसांचे, विशेषतः मुलांचे, दैनंदिन जीवन टिपले. आंतरराष्ट्रीय बालक वर्षात, १९७९ साली, त्यांच्या बालचित्रांचे प्रदर्शन न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघाच्या मुख्यालयात भरले होते. १९७७ साली पद्मश्री मिळालेल्या या कलावंताचे २००९ साली निधन झाले. कस्तुरबा मार्गावर २०२३ साली सुरू झालेल्या कला व छायाचित्र संग्रहालयाने त्यांच्या छायाचित्रांचे प्रदर्शन मांडले, हे अगदी योग्य झाले. कॅमेऱ्याच्या खरेदीस निघालेल्याने दुकानाआधी अशा एखाद्या प्रदर्शनात तासभर घालवावा. कोणत्या चित्रापुढे पाय थबकतात हे कळले, की कोणते भिंग हवे ते विक्रेत्याला विचारावे लागत नाही. १९७१ पासून येथे कार्यरत असलेल्या यूथ फोटोग्राफिक सोसायटीसारख्या संस्थांतील जाणत्यांचा सल्ला कोणत्याही जाहिरातीपेक्षा अधिक निरपेक्ष असतो.

आता वयाचा एक मुद्दा, जो तरुण विक्रेत्यांच्या ध्यानातच येत नाही. साठी उलटलेल्या ग्राहकास मागचा पडदा पाहण्यासाठी वाचनाचा चष्मा लागतो आणि समोरचे दृश्य पाहण्यासाठी तो काढावा लागतो. चष्मा काढ-घाल होईपर्यंत नात गच्चीवर पोहोचलेली असते. डोळ्याला लावायचे व्ह्यूफाइंडर असेल तर त्याचा नंबर आपल्या डोळ्याप्रमाणे जुळवून घेता येतो. ‘एक्स१००’मध्ये ते आहे, ‘जीआर ३’मध्ये नाही, आणि कॅननच्या त्या ‘जी७ एक्स’मध्येही नाही. खिशात मावण्याची सोय आणि डोळ्याची सोय यांत कोठे तरी तडजोड करावीच लागते. आमच्या गृहस्थांच्या बाबतीत, पुढे दिसेल, डोळ्याने खिशावर मात केली.

पावसाचेही तसेच. मेच्या वळवापासून ऑक्टोबरपर्यंत बंगळुरूत संध्याकाळचा पाऊस नवा नाही. ‘जीआर ३’ला पाण्यापासून संरक्षण नाही. ‘एक्स१००’च्या सहाव्या पिढीला ते आहे, पण भिंगावर वेगळी कडी आणि फिल्टर बसवल्यावरच, आणि ती वेगळी विकत घ्यावी लागतात. जादा बॅटरी तर दोघांनाही हवीच. वजनाचे मोजमाप कागदावर करू नये. बाजाराची पिशवी एका हातात असताना दुसऱ्या हाताने कॅमेरा सुरू होतो का, हे पाहावे.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि या मासिकाच्या वाचकाला तो सर्वांत जवळचा. डिजिटल कॅमेऱ्यावरील वस्तू व सेवा कर जानेवारी २०१९ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. परंतु हा कर चुकवून दिलेल्या ‘बिलाविना’ कॅमेऱ्याचा मोह बाजारात ठिकठिकाणी भेटतो. असा कॅमेरा पाच-दहा हजारांनी स्वस्त पडतो. भिंगाची यंत्रणा अडकली की मात्र अधिकृत दुरुस्तीचे दार बंद असते, आणि बंद भिंगाच्या कॅमेऱ्यात नुसते भिंग बदलताही येत नाही. परदेशातील मुलाकडून मागवण्यातही हीच अडचण संभवते. हमी बहुधा खरेदीच्या देशापुरती असते, शिवाय ठरावीक मर्यादेपलीकडे सीमाशुल्क भरावे लागते. विमा उतरवायचा झाला तरी प्रथम बिलच मागितले जाते.

‘शून्य व्याजाचे हप्ते’ हे दुसरे आमिष. शून्य टक्के व्याज ही वस्तुतः अस्तित्वात नसलेली संकल्पना आहे आणि व्याज अनेकदा प्रक्रिया शुल्काच्या आड लपवले जाते, अशा आशयाची सूचना रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना केली होती. नंतर ‘विनाखर्च हप्ते’ या नावाने जी योजना रूढ झाली, तिच्यात बहुधा विक्रेत्याची सवलत व्याजापोटी वळती होते. क्रेडिट कार्डाच्या व्याजावर १८ टक्के कर लागतो तो निराळाच. म्हणून रोखीने घेतल्यास किंमत किती, हा प्रश्न प्रथम विचारावा. हौसेची वस्तू साठवलेल्या पैशातूनच घ्यावी, असे जुने लोक म्हणत. त्यांना सोवळे ठरवण्याची घाई करू नये.

खर्चाकडे पाहण्याची आणखी एक रीत आहे. दीड लाखाचा कॅमेरा पाच वर्षे वापरला तर दिवसाला सुमारे ८२ रुपये पडतात. त्यानंतर तो निम्म्या किमतीला विकला गेला तर ४१. नामांकित लहान कॅमेरे जुन्या बाजारातही किंमत बऱ्यापैकी टिकवून असतात, हे गेल्या काही वर्षांत दिसले आहे. दिवसाला ४१ रुपये ही एका कॉफीची बाब झाली. मात्र कॅमेरा कपाटात राहिला आणि वर्षातून दोन सहलींना बाहेर पडला, तर हीच रक्कम प्रत्येक सहलीमागे सात-साडेसात हजार होते. खरेदीचा निर्णय या एका फरकावर ठरतो आणि त्याचे उत्तर कोणत्याही तांत्रिक तक्त्यात सापडत नाही.

गृहस्थांनी ते उत्तर कारखान्यातल्या शिस्तीने शोधले. बंगळुरूत कॅमेरे भाड्याने मिळतात. अनामत आणि ओळखपत्र द्यावे लागते. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बसवनगुडीत भुईमुगाच्या शेंगांची ‘कडलेकाई परिषे’ भरते. तिच्या आदल्या शनिवारी त्यांनी झूमचा एक इंची कॅमेरा आणून चार दिवस ठेवला. पंधरा दिवसांनी स्थिर भिंगाचा ‘एक्स१००’ आणला. दोन्हींतील निवडक चाळीस-चाळीस छायाचित्रांच्या चार बाय सहाच्या प्रिंट काढल्या आणि कोणती कोणत्या कॅमेऱ्याची हे न सांगता जेवणाच्या टेबलावर पसरल्या. पत्नीने अकरा बाजूला काढल्या. त्यांतल्या दोन झूमच्या होत्या: शेंगांच्या ढिगाऱ्यावर बसलेला एक म्हातारा विक्रेता आणि तलावाकाठचा बगळा. उरलेल्या नऊ घरातल्या होत्या. एकीत सून दाराच्या चौकटीला टेकून फोनवर बोलत हसत होती, तिला कोणी पाहते आहे याची जाणीव नव्हती. त्या कॅमेऱ्याचा खटका जवळजवळ ऐकूच येत नाही. ती प्रिंट सुनेने मागून घेतली. “फोनचे काय म्हणत होतीस?” असे विचारण्याचा मोह गृहस्थांनी आवरला, यातच त्यांचा चाळीस वर्षांच्या संसाराचा अनुभव दिसतो.

नवा कॅमेरा त्यांनी घेतला नाहीच. २०१७ सालचा ‘एक्स१००एफ’ एका ओळखीच्या हौशी छायाचित्रकाराकडे होता. चोवीस मेगापिक्सेल, तेच एफ/२ छिद्र, ४६९ ग्रॅम, मूळ बिल शाबूत. भिंग उजेडात धरून बुरशी नाही ना ते पाहिले, सगळ्या चकत्या फिरवून पाहिल्या, पांढऱ्या भिंतीचे छायाचित्र काढून सेन्सरवर डाग नाहीत याची खात्री केली, कॅमेऱ्याच्या तळावरचा क्रमांक बिलाशी ताडला. नव्याच्या निम्म्याहून थोड्या अधिक किमतीत व्यवहार झाला, तोही धनादेशाने. वाचलेल्या पैशांतून दोन बॅटऱ्या, एक बाह्य हार्ड डिस्क आणि महिन्याला वीस प्रिंटची तरतूद झाली. छायाचित्रांची दुसरी प्रत मुलाच्या संगणकावर राहील असे ठरले.

कॅमेरा शर्टाच्या खिशात मावत नाही. पत्नीने जुन्या इरकली खणाची त्याला एक पिशवी शिवून दिली. ती पिशवी भाजीच्या पिशवीत, कोथिंबिरीच्या वर, रोज सकाळी काडु मल्लेश्वरापर्यंत जाऊन येते. मेच्या अखेरीस एका रविवारी नातीने तो कॅमेरा हट्टाने स्वतःच्या हातात घेतला आणि ओट्यापाशी पुरण वाटणाऱ्या आजीचे एक छायाचित्र काढले. थोडे तिरपे आहे. आजीच्या कपाळावर घाम आहे, पदर खोचलेला आहे, आणि ती नातीला “अगं, लांब हो, चटका बसेल” असे काहीतरी म्हणत असावी. आजोबांनी त्याची प्रिंट अल्बममध्ये आपल्या आईच्या तीन छायाचित्रांसमोरच्या पानावर लावली. त्या जुन्या तिन्हींच्या मागे तारीख नव्हती. या प्रिंटच्या मागे मऊ पेन्सिलीने तारीख, घराचा पत्ता आणि छायाचित्रकाराचे नाव आहे. नाव नातीने स्वतःच कन्नड अक्षरांत लिहिले आहे, कारण मराठी लिहायला ती अजून शिकायची आहे.